पिसलेल्या पत्त्यांचा माग (शफल ट्रॅकिंग)

ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात खेळून झालेले पत्ते पिसताना कोणता गठ्ठा कुठे जातो हे नजरेने टिपायचे आणि खेळाडूला फायद्याचे मोठे पत्ते (दश्श्या, चित्रे व एक्के) पुढच्या फेरीत कुठे दाटून येतील ते ताडायचे, या तंत्राला शफल ट्रॅकिंग म्हणतात. पत्तेमोजणी (वाटलेल्या पत्त्यांवरून उरलेल्यांत मोठे किती जास्त ते ताडणे) सफाईने जमत नसेल, तर या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

५२ पत्त्यांचा एक जोड नीट विस्कटायला तो सुमारे ७ वेळा पिसावा लागतो, असे गणितज्ञ डेव्ह बेयर व पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले. सहा जोडांचे ३१२ पत्ते हाताने इतके पिसायचे तर टेबल रिकामे बसेल. म्हणून डीलर ठरलेल्या क्रमाने एक-दोन फेऱ्यांत काम उरकतो.

सोप्या पिसणीत १५६-१५६ पत्त्यांचे दोन ढीग करतात. दोन्हींवरून अंदाजे २६ पत्ते उचलून एकमेकांत घालतात आणि ५२ चा थर बाजूला रचतात. मोजणी नेहमीची : दुर्री ते छक्की +१, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी, चित्रे व एक्का -१. समजा, एकत्र येणाऱ्या दोन तुकड्यांची बेरीज -५ आणि +१ होती. तयार थर -४ चा, म्हणजे त्यात लहान पत्त्यांपेक्षा मोठे चार जास्त. हा थर वाटायला लागला की मोजणी +४ पासून सुरू करायची. चिन्ह उलटवायला विसरणे ही नवख्यांची हमखास चूक. नेमक्या वाईट थरावर मोठी पैज लागते.

न वाटलेले पत्ते हेरणे सर्वांत सोपे. शेवटी मोजणी +६ असेल, तर उरलेल्या ७८ पत्त्यांची बेरीज -६. पण त्यांत बाकीच्या २३४ पैकी ७८ मिसळले, तर ते सरासरी +२ घेऊन येतात. हाती उरतात १५६ पत्ते आणि -४. जोडामागे चारचा फायदा सव्वा-दीडवर उतरतो. ही पातळ होण्याची क्रिया न मोजता लावलेली पैज निव्वळ जुगारच.

पिसलेला गठ्ठा कापण्याचे (कट देण्याचे) कार्ड हातात आले, की चांगल्या थराच्या जरा वर कट द्यायचा, म्हणजे तो आधी वाटला जातो. वाईट थर शेवटी ढकलला, तर तो बहुधा खेळात येतच नाही. इथे १५-२० पत्त्यांची चूक सगळा हिशेब मोडते. डीलरची उचल कमी-जास्त होणे, उरलेले पत्ते ढिगात ठिकठिकाणी खुपसणे, दुसऱ्यांदा पिसणे यांनीही माग पुसट होतो. वाटलेले पत्ते लगेच आत घेऊन सतत पिसणाऱ्या यंत्रापुढे तर तो घेताच येत नाही.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात डोक्याने माग काढणे गुन्हा नाही, उपकरण वापरणे मात्र गुन्हा आहे. तरीही कॅसिनो अशा खेळाडूला उठवू शकतो.