द्राक्षमळ्यातली मजुरी आणि देवाचा न्याय

सोलापुरात मजुरीचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. विडी कामगार बाई पान, तंबाखू आणि सूत घरी नेते, वळलेल्या विड्या परत देते आणि तिची मजुरी हजारावर ठरते. नीट न वळलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. जेवढे काम, तेवढा दाम. याच जिल्ह्यात नान्नज, कासेगाव या भागांत द्राक्षबागा आहेत. तिथे तोडणी ऐन रंगात आली की सगळ्यांनाच हात कमी पडतात, मजूर सकाळी लवकर गाठावे लागतात आणि संध्याकाळी रोजावरून कुरबुरी होतात. अशा मुलखात बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय वाचला गेला की ऐकणारा मनातल्या मनात मुकादमाची बाजू घेतो किंवा मजुराची. त्यातल्या द्राक्षमळ्याच्या मालकाची बाजू सहसा कुणी घेत नाही.

येशूने तिथे सांगितलेला दाखला, म्हणजे बोधकथा, थोडक्यात असा. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊच्या, बाराच्या, तीनच्या आणि पाचच्या सुमारास आणखी लावतो. संध्याकाळी सगळ्यांना एकच रोज देतो आणि पहाटेचे मजूर कुरकुरतात. रोज म्हणजे एक दिनार, एका मजुराची एका दिवसाची नेहमीची मजुरी. मराठी पवित्र शास्त्राच्या प्रचलित भाषांतरात त्याचा ‘रुपया’ झाला आहे आणि आजच्या वाचकाला ती रक्कम हास्यास्पद वाटते. वाचताना ‘एका दिवसाचा रोज’ म्हणून पुढे जावे, नाहीतर मालक कंजूष वाटतो आणि पुढचे सगळे उलटे कळते.

या दाखल्यातले बारकावे महत्त्वाचे आहेत, कारण पुढच्या दोन हजार वर्षांचा वाद त्यांतच आहे. पहाटेच्या मजुरांशी रक्कम बोलून ठरली होती. नऊ वाजताच्यांना मालक म्हणतो, ‘जे न्याय्य असेल ते देईन.’ ‘न्याय्य’ हा शब्द तिथे, चौथ्या ओवीत (वचनात), खुद्द मालकाच्या तोंडी आहे. पाच वाजताच्यांना तर सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पैशांचे काही सांगितलेलेच नाही, नुसते ‘तुम्हीही जा’. मजुरी सूर्यास्ताआधी चुकती करायची, हा नियम मोशेच्या शास्त्रातला आहे (अनुवाद 24:15) आणि मालक तो पाळतो. पण वाटप तो शेवटच्यांपासून सुरू करतो. पहिल्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर भांडण झालेच नसते. त्यांनी पाहावे म्हणूनच हा क्रम आहे. तक्रार आल्यावर मालकाचे पहिले वाक्य ‘मी उदार आहे’ असे नाही, ‘मी तुझ्यावर अन्याय करत नाही’ असे आहे. आधी ठरलेले पूर्ण दिले, मग औदार्य. आणि शेवटी तो विचारतो ते मूळ ग्रीकमध्ये ‘तुझा डोळा वाईट आहे काय?’ असे आहे. मराठीला इथे काही शोधावे लागत नाही. दुसऱ्याचे बरे झालेले डोळ्यांत खुपणे आपल्या भाषेत आधीपासून आहे.

ही तक्रार येशूच्या काळात नव्याने निघालेली नाही. इ. स. पू. सहाव्या शतकात बाबेलला बंदिवासात गेलेल्या यहुदी लोकांत एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. आमच्या वाडवडिलांनी पाप केले, शिक्षा आम्ही भोगतो, असा तिचा अर्थ. यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात ती म्हण मोडीत काढली. जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाचा भार वाहणार नाही. इथपर्यंत लोकांना मान्य होण्यासारखे होते. पण तो पुढे म्हणतो की दुष्ट माणूस वळला तर त्याची जुनी पापे आठवली जाणार नाहीत. तेव्हा लोक म्हणाले, ‘प्रभूचा मार्ग न्याय्य नाही.’ शास्त्राने हा आक्षेप दडवला नाही, छापून ठेवला आहे. योनाचे पुस्तक तर पूर्ण याच रागावर उभे आहे. निनवे हे शत्रूचे शहर पश्चात्ताप करून वाचले म्हणून संदेष्टा संतापतो आणि देवाचे जे वर्णन स्तुतीसाठी आहे, दयाळू, मंदक्रोध (निर्गम 34:6), तेच तो तक्रार म्हणून देवाच्या तोंडावर फेकतो. निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकात उलट बाजू येते. त्याचे मित्र ‘करावे तसे भरावे’ या हिशेबाने त्याचे दुःख मोजतात आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो (42:7).

करावे तसे भरावे हे मराठी कानाला इतके ओळखीचे आहे की ख्रिस्ती शिकवण म्हणजे नेमके याच्या विरुद्ध, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. माणूस जे पेरतो तेच कापतो, असे प्रेषित पौलानेही लिहिले आहे (गलती 6:7). ख्रिस्ती मताने हा नियम रद्द केलेला नाही. त्या नियमाने उभे राहणारे देणे कुणी फेडायचे, हा तिथला प्रश्न आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) एकाने न्याय आणि दया या दोहोंची वाटणीच करून टाकली. इ. स. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीतून बाहेर पडलेल्या मार्सियनने न्याय करणारा देव वेगळा आणि दया करणारा वेगळा ठरवला व जुना करार बाजूला सारला. मंडळीने ते नाकारले, तर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने त्याविरुद्ध पाच खंड लिहिले. मार्सियनचा ग्रंथ उरला नाही, पण ‘जुन्या करारातला देव कडक, नव्यातला प्रेमळ’ हे वाक्य आजही भक्तीनंतरच्या चहाला ऐकू येते. ते त्याचेच आहे.

पाचव्या शतकात वाद माणसाच्या बाजूने पेटला. पेलाग्यूस हा ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता, देव आज्ञा देतो म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात असलीच पाहिजे, नाहीतर शिक्षा करणे अन्याय ठरेल. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याचे म्हणणे, ती ताकदही देणगीच आहे. 418 च्या कार्थेज परिषदेने पेलाग्यूसचे मत नाकारले. पण ऑगस्टीनच्या उत्तरातून दुसरा काटा निघाला: कृपा फुकट असेल तर ती काहींनाच का? 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेने कृपेचा आरंभ देवाकडून होतो हे मान्य केले आणि देव कुणाला वाईटासाठी नेमून ठेवतो हे म्हणणे धिक्कारले. हा मधला रस्ता तर्काला पूर्ण समाधान देत नाही. तरी तो धरून ठेवण्यात शहाणपण होते, असे आमचे मत आहे.

1098 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने देव मनुष्य का झाला याचे उत्तर ऋणाच्या भाषेत दिले. पापाने देवाचा मान मोडला, ते ऋण नुसते सोडून देणे म्हणजे व्यवस्थाच खोटी ठरवणे. माणसाने फेडायला हवे, फेडू शकतो फक्त देव, म्हणून जो दोन्ही आहे तो फेडतो. सोलापुरात हे समजावताना मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण येणे स्वाभाविक आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे लोकांना खुली केली आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरली, पावती घेतली, अशी परंपरा सांगते. हिशेब फाडला गेला नाही, भरला गेला. अन्सेल्मचा मुद्दा इथपर्यंत लख्ख कळतो. पुढे मात्र ही तुलना सोडावी लागते. दामाजीपंत पुण्यवान भक्त होते, पौल म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला (रोम 5:8). फरक छोटा नाही. कृपेची खरी अडचण तिथेच सुरू होते.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक लूथर याची अडचण मराठी वाचकाला एका वेगळ्याच कारणाने जाणवत नाही. रोम 1:17 मधला शब्द लॅटिनमध्ये ‘युस्तितिया’, ग्रीकमध्ये ‘दिकायोसुने’. दोन्हींत न्यायही येतो आणि नीतिमानपणाही. शुभवर्तमानात देवाचा ‘न्याय’ प्रकट होतो असे वाचून लूथरला धडकी भरत असे. तो न्याय शिक्षेचा नसून दान म्हणून मिळणारा आहे, हे उमगल्यावर दार उघडले, असे त्याने 1545 मध्ये लिहिले. आपल्या भाषांतरात तिथे सरळ ‘नीतिमत्त्व’ आहे, ‘न्याय’ नाही. लूथरला जे धडपडून सापडले ते आपल्याला तयार मिळाले आणि म्हणून त्याची किंमत लवकर कळत नाही. अभ्यासवर्गात या ओवीपाशी थांबून दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत. ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये याला कॅथलिक उत्तर दिले. लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी या विषयावरचे संयुक्त निवेदन 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला स्वाक्षरीत केले. मध्ये साडेचारशे वर्षे गेली.

सोलापूरच्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची नाळ अमेरिकन मराठी मिशनशी आहे. हे मिशन 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये अहमदनगरला आणि 1860 च्या दशकात सोलापुरात आले. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागाच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी ते पाठवले होते आणि त्या, तारण कुणाचे हे देवच निवडतो असे शिकवणाऱ्या कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांत एक प्रश्न हमखास येई: ज्यांनी ख्रिस्ताचे नाव कधी ऐकलेच नाही त्या आमच्या आजा-पणज्यांचे काय? पितरांना पाणी देणाऱ्या समाजात हा पुस्तकी प्रश्न नव्हता. न ऐकलेल्यांना मरणानंतर संधी असेल का, यावर तिकडे अमेरिकेत अँडोव्हरच्या सेमिनरीत (धर्मशिक्षण संस्थेत) वाद उफाळला. अहमदनगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी 1886 मध्ये त्या आशेच्या बाजूने मत मांडले, तेव्हा मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाने त्यांचे भारतात परत येणे अडवून ठेवले. 1887 मध्ये त्यांना भारतात परत पाठवण्यात आले. मराठी मुलखातल्या कामाने अमेरिकेतल्या बोर्डाला देवाच्या न्यायाबद्दल पुन्हा विचार करायला लावला, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

याच मिशनच्या इतिहासातले दुसरे पानही वाचले पाहिजे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती, गावाच्या बोलण्यात ती अजून ‘सेटलमेंट’ आहे. काही वर्षे तिची देखरेख या मिशनकडे होती. शाळा चालल्या, काम मिळाले, हे खरे. पण बापाने आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलाला हजेरी लावायला लावणारा तो कायदा होता आणि यहेज्केल वाचणाऱ्यांनी तो राबवला. 1952 मध्ये कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातला शिक्का अजून पुरता गेलेला नाही.

आजच्या सोलापुरात पहाटेच्या मजुराची तक्रार सर्वांत स्पष्ट ऐकू येते ती कर्जमाफीच्या वेळी. वेळेवर फेडणारा विचारतो, माझे काय चुकले? 2017 च्या योजनेत दीड लाखापर्यंत माफी आणि नियमित फेडणाऱ्याला 25 हजारांपर्यंत प्रोत्साहन होते, 2019 च्या योजनेत दोन लाख आणि 50 हजार. नियमित फेडणाऱ्याचा असा विचार सरकारला करावाच लागतो आणि ते योग्यही आहे, कारण ते पैसे सगळ्यांचे आहेत. मळ्याच्या मालकाने स्वतःच्या खिशातून दिले. म्हणून हा दाखला सरकारी धोरणाला जसाच्या तसा लावता येत नाही.

चुका इथेच होतात. ‘माझ्या मालाचे मी वाटेल ते करीन’ ही ओवी कमी मजुरी देणाऱ्या मालकाच्या तोंडी शोभत नाही, दाखल्यातल्या मालकाने कुणालाच कमी दिलेले नाही. अडवलेली मजुरी स्वतः ओरडते, असे याकोब 5:4 सांगते. दुसरी चूक जास्त घातक. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘कृपा आहे, क्षमा कर’ म्हणून परत पाठवले जाते. जक्कय या जकातदाराला कृपा मिळाली तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक 19:8). अशा कबुलीच्या भरपाईला शास्त्रात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच सांगितले आहे (गणना 5:7). कृपेने भरपाई माफ केली नाही, वाढवली. तिसरी चूक दुःखाला शिक्षा समजण्याची. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा जास्त पापी होते का, याला येशूचे उत्तर ‘नाही’ असे आहे (लूक 13:4–5).

आणि क्षमा न करणाऱ्या चाकराच्या दाखल्यातले आकडे (मत्तय 18) एकदा मांडून दाखवावेत. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार, चाकराचे राजाला देणे दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटी रोज. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांची मजुरी. ती माफ झालेला चाकर शंभर रोजांसाठी सोबत्याचा गळा धरतो. शंभर रोज ही लहान रक्कम नाही, तीन-चार महिन्यांची कमाई आहे. आपला हिशेब खोटा नसतो, मोठ्या हिशेबासमोर ठेवला की त्याचे माप दिसते.

कॅथलिक वाचनक्रमात मळ्याचा दाखला तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘अ’ वर्षाच्या, सामान्य काळातल्या पंचविसाव्या रविवारी, 18 ते 24 सप्टेंबरच्या दरम्यान येतो, सोबत यशया 55: ‘माझे विचार तुमचे विचार नाहीत.’ वाचन 20:1 पासून सुरू होते. त्याआधी 19:27 मध्ये पेत्र विचारतो, आम्ही सर्व सोडून तुमच्यामागे आलो, आम्हांला काय मिळेल? तो प्रश्न वाचनात येत नाही. वाचणाऱ्याने तो आधी वाचावा, मग दाखला. म्हणजे पहाटेचा मजूर कोण आहे ते सगळ्यांना कळेल.