बांधावरची माशी आणि युरोपचा कायदा

माघ-फाल्गुनात चांदवड-येवल्याकडे गेलात तर कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुलोऱ्यात असतात. एखादा पांढरा गोंडा हातात धरून पाहा. त्यात शेकडो बारकी फुलं असतात. प्रत्येक फुलातले पुंकेसर आधीच पराग सांडून मोकळे होतात आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, मागाहून तयार होते. त्यामुळे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग नाही, ने-आण माशीनेच करायची. माशी फिरकली नाही तर बी भरत नाही.

आपल्याकडे या कामात फुलोरी माशीचा, म्हणजे छोट्या रानटी मधमाशीचा, मोठा वाटा. ही पेटीत नांदत नाही, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं लटकवते. जमिनीत बीळ करून एकट्या राहणाऱ्या माश्यांनाही नांगर न लागलेली माती लागते. झुडूप आणि न नांगरलेली माती, दोन्ही आता उरलीत ती बांधावर. तोच बांध आपण जेसीबीने कोरतो, राहिलेल्या गवतावर तणनाशक मारतो आणि मग भाड्याने मधपेट्या आणतो!

युरोपीय संघाचा निसर्ग पुनर्स्थापना कायदा १८ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. २०३० पर्यंत संघाच्या किमान २० टक्के जमिनीवर आणि तेवढ्याच समुद्रात निसर्ग सावरण्याची कामं व्हावीत, परागवाहक कीटकांची घसरण थांबून उलटावी, असं त्यात लिहिलंय. मला त्यातलं शेतीचं कलम सर्वांत आवडलं. गवताळ रानातली फुलपाखरं, शेतमातीतला सेंद्रिय कर्ब आणि बांध-कुंपण-डबक्यांसारख्या जागांचं प्रमाण या तिन्हींपैकी किमान दोन तरी वाढती दिसली पाहिजेत. म्हणजे बांध तिथे कायद्याने मोजला जातो.

हे सुखासुखी झालं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये युरोपीय संसदेत मतं पडली ३२९ विरुद्ध २७५, आणि त्याच महिन्यात ब्रुसेल्सचे रस्ते शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांनी भरले होते. अन्नउत्पादनावर गंभीर संकट आलं तर शेतीच्या तरतुदी वर्षभरापर्यंत थांबवता येतील, अशी सोयही ठेवावी लागली. शेतकऱ्याची धास्ती खोटी नसते; बांध राखायचा तर दोन ओळी कमी होतात, त्याचे पैसे कोण देणार?

आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२ चा, तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावण्यासाठीच्या भरपाई वनीकरण निधीचा २०१६ चा. पण वनीकरणाचा हिशेब बहुतेक वेळा रोपांच्या आकड्यावरच संपतो. जैवविविधतेसाठीच्या २०२२ च्या मॉन्ट्रियल करारात भारतही आहे. उजाड झालेल्या किमान ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत पुनरुज्जीवनाचं काम सुरू असावं, हे त्यातलं जागतिक उद्दिष्ट. आपल्या नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीला २०१९ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान, मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. चांगलंच झालं. पण तो दर्जा पाणथळीचा, निफाडच्या द्राक्षबागांमधल्या बांधाला त्यातलं काही मिळत नाही.

आमच्या उत्तरेच्या बांधावर बोरीचं एक झुडूप आहे. गेल्या हंगामात त्यात फुलोरीचं पोळं होतं. कोयता घेऊन आलेल्या गड्याला वडील म्हणाले, “तेवढी बोर राहू दे.” बाकीचा बांध त्याने दुपारपर्यंत साफ केला.