भूलभुलैयात आठवण कुठे ठेवायची?

दापोलीहून हर्णैकडे जाताना लागणाऱ्या एका बागेत मेंदीच्या उंच कुंपणांचा भूलभुलैया केलेला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. आत शिरून पाच मिनिटे झाली असतील, तेवढ्यात ती थबकली आणि म्हणाली, "बाबा, इथे आपण मघाशी आलो होतो." तिचे बरोबर होते की चूक, हे ठरवायला माझ्याजवळ काहीच साधन नव्हते, मेंदी सगळीकडे सारखी, पायाखालची तांबडी मातीही सारखी. भूलभुलैयाचा खरा प्रश्न तिच्या त्या वाक्यातच आहे. आपण इथे आधी येऊन गेलो, ही आठवण ठेवायची कुठे?

सर्वांत जुना आणि सोपा उपाय असा आहे की आठवण ठेवायचीच नाही. आत शिरताना उजवा हात उजव्या कुंपणाला लावायचा आणि काही झाले तरी तो उचलायचा नाही. हे का साधते, ते कोकणात राहणाऱ्याला पटकन कळेल. किनाऱ्याकिनाऱ्याने चालत निघालेल्या माणसाच्या वाटेत खाडी आली आणि पलीकडे नेणारी होडी नसली, तर तो खाडीच्या काठाने आत जाईल, टोकाला वळसा घालून दुसऱ्या काठाने परत समुद्रावर येईल आणि पुढच्या गावाला लागेल. भूलभुलैयातली बंद वाट ही अशीच एक खाडी असते. आतली सगळी कुंपणे बाहेरच्या कुंपणाला जोडलेली असतील, तर तो एकच सलग किनारा होतो आणि त्याला धरून चालणारा माणूस कुठेही कायमचा अडकत नाही.

अडचण येते ती बेटांची. हर्णैचा किनारा कितीही चाललात तरी सुवर्णदुर्गाला पाय लागत नाहीत, कारण तो किल्ला वेगळ्या बेटावर आहे. भूलभुलैयाचा मध्य जर बाहेरच्या कुंपणापासून सुट्या असलेल्या कुंपणांनी वेढलेला असेल, तर हात न उचलणारा माणूस फिरून फिरून प्रवेशद्वाराशीच येतो. इंग्लंडमधील चेव्हनिंग येथे 19व्या शतकाच्या पूर्वार्धात लावलेला भूलभुलैया हाताचा हा नियम निकामी व्हावा, याच हेतूने आखलेला होता. आमच्या बागेतही तेच घडले. मध्यावरचे मचाण मेंदीच्या वरून दिसत होते, पण अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा तिकीट फाडणाऱ्या माणसासमोर उभे होतो.

येथे आणखी एक भेद सांगायला हवा. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर प्राचीन चित्रे कोरलेली आहेत आणि त्यांत एक वर्तुळाकार वळणावळणांची आकृती आहे. अशा आकृतीत फाटा नसतो. एकच वाट वळत वळत मध्यापर्यंत जाते. तिथे निवड नाही, म्हणून आठवणीचीही गरज नाही.

दुसऱ्या फेरीत लेकीच्या खिशातले शिंपले कामाला आले. सकाळी तिने समुद्रावर पन्नासेक शिंपले वेचले होते. फ्रेंच अभियंता त्रेमो याने सुचवलेली आणि एदुआर ल्यूका या गणितज्ञाने 1882 मध्ये प्रसिद्ध केलेली रीत मी तिला सांगितली. कुठल्याही वाटेत शिरताना आणि तिच्यातून बाहेर पडताना, दोन्ही तोंडांशी एकेक शिंपला ठेवायचा. नव्या फाट्यावर आल्यास शिंपला नसलेली कोणतीही वाट घ्यायची. नव्या वाटेने जुन्याच फाट्यावर आलो किंवा वाट बंद निघाली, तर आल्या पावली मागे फिरायचे. मागे फिरून फाट्यावर आल्यावर शिंपला नसलेली वाट उरली असेल तर ती, नाहीतर एकच शिंपला असलेली वाट घ्यायची. दोन शिंपले असलेल्या वाटेत पुन्हा पाय ठेवायचा नाही. या रीतीने कोणतीही वाट दोनपेक्षा जास्त वेळा चालावी लागत नाही आणि मध्य बेटावर असला तरी तो सापडतोच, कारण प्रवेशद्वारापासून पोहोचता येईल अशी एकही वाट शेवटी न पाहिलेली राहत नाही. तिसऱ्या फाट्यापासून लेकीने माझे ऐकणे सोडून दिले आणि वाकून, जमिनीकडे बघत, स्वतःच निर्णय घेऊ लागली. आठवण आता डोक्यात नव्हती, ती तांबड्या मातीवर पांढऱ्या ठिपक्यांनी मांडलेली होती.

निसर्गाला ही युक्ती फार आधीपासून ठाऊक आहे. फायसॅरम हा पिवळा, चिकट, एकपेशीय जीव कुजक्या लाकडावर पसरतो. त्याला मेंदू नाही, चेतापेशीही नाहीत. तो सरकतो तिथे मागे बुळबुळीत पदार्थाचा माग राहतो आणि स्वतःचाच माग लागला की तो दिशा बदलतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी आधीच सगळ्या पृष्ठभागावर असा पदार्थ पसरून ठेवला, तेव्हा सापळ्यातून बाहेर पडायला या जीवाला कितीतरी जास्त वेळ लागला. प्रत्येक वाटेवर आधीच कोणी शिंपले टाकून ठेवले असते, तर आमचीही तीच गत झाली असती.

आठवण ठेवण्याची तिसरी जागा मेंदूची. टोलमन आणि हाँझिक या मानसशास्त्रज्ञांनी 1930 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही उंदरांना दहा दिवस भूलभुलैयात नुसतेच भटकू दिले, खाऊ काहीच ठेवला नाही. अकराव्या दिवशी खाऊ ठेवताच त्यांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. रिकामे भटकतानाही ते वाटा मनात साठवत होते. हा नकाशा मेंदूत कुठे असतो, त्याचा धागा 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना हिप्पोकॅम्पस या समुद्रघोड्याच्या आकाराच्या भागात सापडला. उंदीर एका ठरावीक जागी आला की तिथली ठरावीक चेतापेशी सक्रिय होत असे. 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्या भागात, उंदीर षट्कोनी जाळीसारख्या मांडणीतल्या जागांवर आला की सक्रिय होणाऱ्या पेशी दाखवल्या आणि या तिघांना 2014 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन दिवसांनी लेकीने वहीच्या पानावर तो भूलभुलैया आठवून काढला. ज्या बंद वाटेत ऊन लागून तिचे पाय दुखले होते, ती तिने दुप्पट लांब काढली होती आणि मचाण पानाच्या कोपऱ्यात गेले होते. गणितज्ञ ऑयलरने 1736 मध्ये कोनिग्सबर्ग शहरातले सातही पूल एकेकदाच ओलांडता येतील का, हे कोडे सोडवताना हेच दाखवले होते की अशा प्रश्नात अंतरे गौण असतात, काय कशाला जोडले आहे एवढेच महत्त्वाचे असते. मी बोट ठेवून प्रवेशद्वारापासून निघालो आणि तिच्या नकाशावरून एकदाही न चुकता मचाणापर्यंत पोहोचलो.