डिझेल गाडीची ओढ आणि वायरिंग

‘डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, म्हणून वायरिंग बिघडल्याने ट्रकची ओढ कमी होत नाही, दोष डिझेल फवारणाऱ्या पंपाचा किंवा डिझेलचाच’ हा समज खानदेशात जुना आहे.

यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांपुरता तो बव्हंशी खराही होता. परंतु एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या इंजिनांत किती डिझेल आणि केव्हा फवारायचे, हे ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक) सेन्सरांच्या संकेतांवरून ठरवते. ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरमध्ये दोन संकेत असतात. त्यांचा मेळ बसला नाही, की सुरक्षिततेसाठी ईसीएम स्वतःच शक्ती रोखून धरते. मग रावेरहून केळी भरून निघालेली गाडी धुळ्याजवळच्या लळिंग घाटात पंप उत्तम असूनही रखडते.

म्हणून पंप उतरवण्यापूर्वी (तो खर्च नंतरही करता येतो) इंजिनाचा इशारा-दिवा पाहावा आणि स्कॅनरवर फॉल्ट कोड (ईसीएमने नोंदवलेली दोषाची खूण) वाचावा. कोड सेन्सरचे नाव सांगतो, पण दोष त्याच्या वायरीतही असू शकतो. त्यानंतर मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास अर्थिंगची (इंजिन ऋण खुंटीशी जोडणारी) पट्टी सैल किंवा गंजलेली समजावी. शेवटी वायरींचा जुडगा हाताने चाचपावा. क्लिप तुटून तो ब्रॅकेटवर घासतो, तिथे आवरण झिजून हिरवट पडलेले तांबे अनेकदा सापडते.