ट्यूलिपा टार्डा (बुटका रानटी ट्यूलिप)

ट्यूलिपा टार्डा : (कुल – पलांडू). मध्य आशियातील बहुवर्षायू, कंदवर्गीय रानफूल. तिएन शान पर्वतरांगेत, कझाकस्तान व किर्गिझस्तानातल्या खडकाळ उतारांवर ते आपोआप उगवते. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो श्टाप्फ यांनी १९३३ मध्ये या नावाने त्याचे वर्णन केले. आता बरेच तज्ज्ञ त्याचा समावेश ट्यूलिपा उरुमिएन्सिस या जातीत करतात. बागकामात मात्र जुनेच नाव रुळलेले आहे.

बागेतल्या उंच, एका दांड्यावर एकच फूल येणाऱ्या ट्यूलिपची सवय असलेल्याला हे झाड ट्यूलिप वाटणारच नाही. उंची जेमतेम १०–१५ सेंमी. अरुंद, चकचकीत पाने जमिनीलगत पसरतात आणि त्यांच्या मधोमध आखूड दांड्यावर बहुधा चार ते सहा फुले येतात. ऊन चढले की सहा पाकळ्या सपाट उघडतात : आतून गर्द पिवळ्या, टोकांना स्वच्छ पांढऱ्या. बाहेरच्या तीन पाकळ्यांची पाठ हिरवट, त्यावर तांबूस झाक. ढग आले किंवा सांज झाली की फूल मिटते आणि ती हिरवट पाठच तेवढी दिसते. पुंकेसरांच्या तळाशी बारीक लव असते. ट्यूलिपच्या ज्या उपगटात हे फूल मोडते, तो ओळखण्याची ती पक्की खूण आहे. फळ म्हणजे तीन कप्प्यांचे बोंड. बीपासून फूल यायला काही वर्षे लागतात.

या बुटकेपणाला कारण आहे. बर्फ वितळणे आणि कोरडा उन्हाळा यांच्या मधल्या काही आठवड्यांत पान, फूल, बी सगळे उरकायचे असते. मग कंद जमिनीत कोरडा पडून राहतो. पुढच्या वर्षीची कळी त्याच्या पोटात त्या उन्हाळ्यातच तयार होते, पण दांडा वर यायला लांबलचक थंडी लागते.

पुण्यात हेच गणित उलटते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०–१२ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी तिशीजवळ जातो. एवढी थंडी कमी पडते व कळी आतच करपते. आणि कंदाला कोरडी झोप हवी असते नेमक्या त्याच दिवसांत, जून ते सप्टेंबर, इथे पाऊस लागतो व कंद कुजतो. पुण्याच्या टेकड्यांवरचा रानकांदाही कंदवर्गीयच, पण तो ऐन उन्हाळ्यात पानांवाचून फुलतो आणि पावसात पाने काढतो. त्याला थंडीची गरज नाही.

तरीही लावायचेच असेल तर कंद कागदी पिशवीत घालून सुमारे तीन महिने फ्रिजमध्ये, साधारण ५ अंशांवर ठेवावेत. शेजारी केळी, सफरचंदे नकोत : पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. डिसेंबरात, भरपूर वाळू-खडी मिसळलेल्या मातीच्या कुंडीत, सकाळचे ऊन मिळेल अशा जागी लावणे उत्तम. हे फूल इथे एका हंगामापुरतेच धरावे. तोच कंद दुसऱ्या वर्षी सहसा फुलत नाही. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, कारण त्यातील ट्यूलिपोसाइड या द्रव्यामुळे काहींच्या बोटांची त्वचा लाल होऊन भेगाळते.