गाय ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे नेमकं काय? थोडी पार्श्वभूमी

निफाड-सिन्नरकडं एखाद्या गायीनं गाभ टाकला की रक्ताचा नमुना जातो, ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतू) पॉझिटिव्ह असा रिपोर्ट येतो आणि मग शेजारीपाजारी सगळेच त्या गोठ्याकडं संशयानं बघायला लागतात. पण टेस्टवर भरवसा किती ठेवायचा हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं 1890 मध्ये ट्युबरक्युलिन (टीबीच्या जंतूंचा अर्क) जाहीर केलं ते टीबीवरचं औषध म्हणून, औषध म्हणून ते सपशेल आपटलं, पण टीबीच्या गायीला टोचलं की ताप चढतो हे लक्षात आलं आणि डेन्मार्कचा जनावरांचा डॉक्टर बर्नहार्ड बँगनं त्याच्यावरच कळप तपासायला घेतले. (आता मानेच्या कातडीत टोचतात आणि 72 तासांनी कॅलिपरनं जाडी मोजतात.) पॉझिटिव्ह गायी बँग मारत नव्हता, वेगळ्या बांधायचा. अमेरिकेनं 1917 पासून कत्तलीचा रस्ता धरला, तिथं कापलेल्या काही गायींत टीबीची एकही गाठ सापडेना, मग शेतकरी भडकणारच ना! 1931 मध्ये आयोवात टेस्टिंगसाठी नॅशनल गार्डचे जवान आणावे लागले.

टेस्टच्या चुका मोजायला सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे शब्द रुळले ते मात्र माणसांच्या टीबीतून, 1947 मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ येरुशाल्मीनं छातीचे एक्स-रे वाचण्यातल्या चुका मोजताना वापरले. पहिलं म्हणजे आजारी जनावरांतली किती पकडली, दुसरं म्हणजे निरोगी किती बरोबर सोडली. आता समजा 1000 गायींत 20 खरंच आजारी आहेत, टेस्ट 90 टक्के सेन्सिटिव्ह, 95 टक्के स्पेसिफिक, कागदावर झकास. पकडल्या 18, आणि 980 निरोगींतल्या 49 उगाच अडकल्या, म्हणजे 67 पॉझिटिव्हमध्ये खऱ्या फक्त 18! त्यात टेस्टचा दोष कमी, आजारच तुरळक आहे म्हणून असं होतं, आणि हे गणित रिपोर्टवर कुणी छापत नाही.

पुढचा पेच असा की खरी आजारी कोण हे सांगणारी शंभर टक्के टेस्टच नसेल तर? 1980 मध्ये हुई आणि वॉल्टर या संख्याशास्त्रज्ञांनी तोड काढली, दोन टेस्ट घ्या, आजाराचं प्रमाण वेगळं असलेले दोन कळप घ्या, समजा निफाडच्या संकरित गायी आणि इगतपुरीकडच्या डांगी, आणि आकडेमोडीतून दोन्ही टेस्टच्या चुका काढा. अट एवढीच की दोन्ही टेस्ट दोन्ही कळपांत सारख्याच चालाव्यात आणि एकाच कारणानं फसू नयेत. इथंच माशी शिंकते, कारण ब्रुसेलाच्या रक्ताच्या टेस्ट, रोझ बेंगॉल काय आणि एलायझा काय, दोन्ही जंतू नाही तर त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या अँटिबॉडीच शोधतात. त्यात 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची एस-19 लस देतात, तिच्या अँटिबॉडी काही जनावरांत टिकून राहतात आणि दोन्ही टेस्टना एकदम चकवू शकतात, म्हणून नमुना पाठवताना कानातल्या बिल्ल्याच्या नंबरवर लसीची नोंद आहे का ते आधी डॉक्टरांना बघायला सांगा.