अंगवळणी पडलेला कॉम्प्युटर

मागे एकदा माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला आणि आठवडाभर दुसऱ्याचा वापरावा लागला. एक लांबलचक फाइल उघडली, नेहमीसारखी दोन बोटं ट्रॅकपॅडवर खाली ओढली. मजकूर वर सरकायला हवा होता, तो खाली आला. पुन्हा ओढलं, पुन्हा खाली. पहिलं पान वरच्या कडेला आपटून उसळ्या मारत होतं आणि माझी बोटं काही ऐकत नव्हती. भानगड काय आहे हे मला दोन सेकंदांत कळलं होतं: या यंत्रात स्क्रोलची दिशा उलटी होती. पण कळलं ते डोक्याला. बोटांना कळेपर्यंत गुरुवार उजाडला.

जुलै २०११ मध्ये असंच लाखो लोकांचं झालं होतं. अ‍ॅपलने २० तारखेला मॅकसाठी 'लायन' ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणली. आयफोन आणि आयपॅडवर जे शिकलो ते आता मॅकवर परत आणतोय, असं कंपनीने ऑक्टोबर २०१० च्या एका कार्यक्रमातच जाहीर करून ठेवलं होतं. त्याप्रमाणे स्क्रोलची दिशा फोनसारखी झाली आणि तिला 'नॅचरल' असं नावही मिळालं. (म्हणजे इतकी वर्षं आपण जे करत होतो ते अनैसर्गिक!) कडेची स्क्रोलबार गायब झाली, ती फक्त सरकवताना क्षणभर दिसायची. फोनच्या होमस्क्रीनसारखा आयकॉनांचा चौकोनी पट आला, त्याचं नाव 'लाँचपॅड'. अ‍ॅप पूर्ण पडदा व्यापू लागली. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त लोकांनी ही सिस्टीम डाउनलोड केली, आणि त्यातल्या अनेकांनी पहिली शोधाशोध केली ती दिशा पूर्ववत कशी करायची याची.

हा एकट्या अ‍ॅपलचा उद्योग नव्हता. त्याच वर्षी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात 'ग्नोम ३' आणि उबुंटू या लिनक्सच्याच एका अवताराचं 'युनिटी' असे दोन नवे चेहरे डेस्कटॉपवर आले, दोघांवरही स्पर्शाच्या पडद्याची छाप होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'विंडोज ८' आणून सगळ्यांवर कडी केली. एप्रिल २०१० मध्ये आयपॅड विक्रीला आल्यापासून या धंद्यातल्या प्रत्येकाला एकच धास्ती होती, की लोक आता टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे फिरकणारच नाहीत.

वापरणारे चिडले. त्यावर ठरलेलं उत्तर तयार होतं: लोकांना बदल नको असतो, थोड्या दिवसांत गप्प बसतील. यातलं अर्धं खरं निघालं. काही तक्रारी खरोखर आठवडाभरात विरल्या. काही मात्र वर्षानुवर्षं टिकल्या, इतक्या की कंपन्यांना माघार घ्यावी लागली. माझ्या मते विरणाऱ्या आणि टिकणाऱ्या तक्रारींची जातच वेगळी आहे, आणि ती ओळखायची तर आधी बोटांकडे बघायला हवं.

स्क्रोलची दिशा ही विरणारी तक्रार. जुन्या पद्धतीत आपण मजकूर हलवत नव्हतो, आपली 'खिडकी' हलवत होतो. स्क्रोलबारचा ठोकळा खाली ओढला की खिडकी कागदावरून खाली सरकते आणि म्हणून कागद वर गेल्यासारखा दिसतो. माउसला चाक आलं (मायक्रोसॉफ्टचा चाकवाला माउस १९९६ सालचा) तेव्हा तेही याच हिशेबाने फिरू लागलं. फोनवर मधे काहीच नाही, बोट थेट कागदावर. वर ढकललं की कागद वर. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बिनचूक आहेत. पंचाईत ट्रॅकपॅडची, कारण तिथे बोट फोनसारखं सरकतं, पण नजर भलतीकडे, उभ्या पडद्यावर असते. कुठला हिशेब 'नैसर्गिक' म्हणायचा?

हाताला खरं तर दोन्ही चालतात. १८९० च्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जग उलटंपालटं दाखवणारं भिंग डोळ्यावर बांधून काही दिवस काढले. सुरुवातीला हात भलतीकडेच जायचा. दिवस गेले तसा तो आपोआप योग्य जागी पोचू लागला. त्याहून विलक्षण उदाहरण हेन्री मोलेझनचं. अपस्मारासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवीन आठवणी साठवणं त्याला जमेनासं झालं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: आरशात बघून चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सगळं उलटं, त्यामुळे आधी हात सारखा रेघ ओलांडायचा. तीन दिवसांत त्याच्या चुका भराभर कमी झाल्या. गंमत अशी, की आपण हे आधी कधी केलंय हेच त्याला आठवत नव्हतं. हाताचं शिकणं आणि डोक्याचं लक्षात ठेवणं यांची कोठारं मेंदूत वेगवेगळी आहेत, हे यातून पुढे आलं. आपण 'अंगवळणी पडणं' म्हणतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो. वळण अंगाला पडतं.

म्हणून सूचनेची चिठ्ठी वाचून बोटं सुधारत नाहीत आणि म्हणूनच ती चारेक दिवसांत न सांगता सुधारतात. कुरबूर उरते ती दोन वळणं रोज आलटून पालटून वापरावी लागणाऱ्यांची. मॅकवर ट्रॅकपॅड आणि माउस यांची दिशा एकाच सेटिंगला बांधलेली आहे. एकाची बदलली की दुसऱ्याचीही बदलते. बोटाने कागद ढकलायचा पण चाकाने खिडकी हलवायची, अशी वाटणी हवी असणाऱ्यांना त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं.

आता टिकलेल्या तक्रारीकडे येऊ.

विंडोज ८ मध्ये 'स्टार्ट' बटण काढून टाकलं होतं. १९९५ पासून ते डाव्या खालच्या कोपऱ्यात बसलेलं होतं. त्याच्या जागी पूर्ण पडदाभर रंगीत चौकोनी फरशांचा स्टार्ट स्क्रीन आला. माउसवाल्यांनी तिथे परत जायचं कसं? कर्सर रिकाम्या कोपऱ्यात न्यायचा, मग तिथे एक छोटं चित्र उगवायचं. नवख्याचा हात साहजिकच त्या चित्राकडे वळायचा, आणि कर्सर कोपऱ्यातून हलला की चित्र गडप. क्लिक करायची ती चित्रावर नव्हे, कोपऱ्यातच. कॉम्प्युटर बंद करायचा तर कर्सर उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून कडेने सरकवायचा, मग 'सेटिंग्ज', मग 'पॉवर', मग 'शट डाउन'.

कोपरा निवडण्यामागे शास्त्र होतं, हे कबूल करायला हवं. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो, की एखाद्या ठिकाणी हात पोचायला लागणारा वेळ ते ठिकाण किती लांब आणि किती लहान यावर ठरतो. पडद्याचा कोपरा या हिशेबात फार सोयीचा, कारण कर्सर तिथे पोचून अडतो. डोळे मिटून झटका दिला तरी चुकत नाही. माउससाठी कोपऱ्याइतकं मोठं लक्ष्य नाही. पण फिट्सचा नियम चालतो तो कुठे जायचं हे माहीत असणाऱ्या हातासाठी. रिकाम्या कोपऱ्यावर तशी काहीच खूण नव्हती. दाराला कडी लपवून ठेवायची आणि दार मात्र उत्तम वंगण घातलेलं, अशातली गत.

मार्च २०१२ मध्ये, चाचणीची आवृत्ती आली तेव्हा, एका मुलाने आपल्या वडिलांना ती वापरायला बसवून व्हिडिओ काढला. वडील जुन्या डेस्कटॉपवर जाऊन पोचतात आणि तिथून सुरुवातीच्या पडद्यावर परत कसं जायचं ते त्यांना सापडतच नाही. तो व्हिडिओ जगभर फिरला. नोव्हेंबरात जेकब नीलसन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञाने १२ अनुभवी लोकांना विंडोज ८ वापरायला दिलं आणि निष्कर्ष काढला, की नवखे आणि सराईत दोघांचंही यात अडतं. एका वेळी एकच अ‍ॅप पडदाभर दिसणार असेल तर नावातलं अनेकवचन काढून टाका, अशी चेष्टाही त्यांनी केली. त्यांचा मुद्दा चेष्टेपेक्षा गंभीर होता. डेस्कटॉप आणि फरशा ही एकाच यंत्रातली दोन वेगळी जगं होती, दोन्हींचे कायदे निराळे. एकच कृती कधी एक करते आणि कधी दुसरं, याला कॉम्प्युटरवाले 'मोड' म्हणतात. हा प्रकार लॅरी टेस्लर या संशोधकाला इतका खुपायचा, की त्यांच्या गाडीची नंबरप्लेटच 'नो मोड्स' अशी होती.

इथे सवयीचा प्रश्न उरत नाही. सराव झालेल्या माणसालाही खूण नसलेल्या जागा ध्यानात ठेवाव्या लागतात, दोन जगांत ये-जा करावी लागते. रोजचा खर्च रोज भरावाच लागतो. ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये बटण परत आलं, जुलै २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेन्यूही परतला.

लायनमधली अशी तक्रार 'सेव्ह अ‍ॅज'ची होती आणि ती मला सगळ्यांत बोलकी वाटते. फोनवर 'सेव्ह' हा प्रकार जवळपास नसतोच, लिहिलेलं आपोआप साठतं. ही सोय मॅकवर आणताना 'सेव्ह अ‍ॅज' काढून 'डुप्लिकेट', म्हणजे आधी प्रत काढा, असं दिलं. वरवर बघता फरक नावापुरता. पण मागच्या आठवड्याचं पत्र उघडून, तारीख आणि दोन ओळी बदलून, ते नव्या नावाने ठेवणारा माणूस आठवा. तो बदल आधी करतो, नाव नंतर देतो. आता तो टाइप करत असतानाच जुनं पत्र आपोआप बदलून साठत होतं. मागची आवृत्ती परत मिळवायची सोय होती, पण ती वापरायची तर आधी काहीतरी बिघडलंय हे लक्षात यायला हवं. पुढच्याच वर्षी, 'माउंटन लायन'मध्ये, 'सेव्ह अ‍ॅज' परत आलं. मात्र कीबोर्डवरचं ऑप्शनचं बटण दाबून धरल्यावरच दिसेल असं, जरा नाखुशीनेच.

उसनवारीत नेमकं काय चुकतं ते इथे दिसतं. फोनवरच्या प्रत्येक सोयीमागे एक अडचण असते. पडदा लहान म्हणून स्क्रोलबार लपवायची, बोट जाड म्हणून बटणं मोठी करायची. बोटाने दाबायच्या गोष्टी किमान ४४ पॉइंट रुंद-उंच ठेवा असं अ‍ॅपल फोनसाठी सांगत आलं आहे. अडचण मागे ठेवून नुसती सोय उचलली, की मोठ्या पडद्यावर ती उधळपट्टी होते. स्क्रोलबार दिसत असेल तर मजकूर किती आहे आणि आपण कुठे आहोत हे न विचारता कळतं. ती झाकून वाचलेली चिंचोळी पट्टी २७ इंची पडद्यावर कुणाला हवी होती?

एक उसनवारी मात्र अ‍ॅपलने मुद्दाम टाळली. उभ्या पडद्याला हात लावत बसलं तर थोड्या वेळात खांदा भरून येतो. या दुखण्याला 'गोरिला आर्म' असं नाव आहे. एचपीने १९८३ मध्येच पडद्याला स्पर्श करून चालणारा कॉम्प्युटर विकायला काढला होता, तो प्रकार काही रुळला नाही. आम्ही खूप चाचण्या केल्या, उभ्या पडद्याला स्पर्श नको, तो आडव्या पृष्ठभागावर हवा, असं स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० च्या त्याच कार्यक्रमात सांगितलं होतं. एप्रिल २०१२ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी टोस्टर आणि फ्रिज एकत्र करण्याचा दाखला देऊन विंडोजवाल्यांना टोमणा मारला. लाँचपॅड मॅकमध्ये आधीच येऊन बसलं होतं, हा भाग अलाहिदा.

लिनक्सवाल्यांचा राग सगळ्यांत सुटसुटीत, कारण तिथे न पटलेला माणूस स्वतःची वेगळी चूल मांडू शकतो. ग्नोम ३ ने खिडक्यांवरची छोटी-मोठी करायची बटणं काढली त्या सुमारास खुद्द लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी ग्नोमवर जाहीर तोंडसुख घेतलं आणि ते 'एक्सएफसीई' या दुसऱ्या चेहऱ्याकडे गेले. काही काळाने ग्नोमकडे परतही आले. जुनं ग्नोम तसंच चालू ठेवायला 'माटे' हा प्रकल्प निघाला, लिनक्स मिंटने 'सिनॅमन' काढलं. फोन आणि डेस्कटॉपचा एकच चेहरा करायचं उबुंटूचं स्वप्न एप्रिल २०१७ मध्ये उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनीच गुंडाळलं.

माणसाला मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख जास्त होतं, हे काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं. अशा वादांत कंपन्यांची बाजू घेणारे ते हमखास पुढे करतात. सिद्धांत खरा आहे, पण त्याने तक्रार खोटी ठरत नाही. गमावलेली वस्तू कामाची होती का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. २०२१ च्या विंडोज ११ ने स्टार्ट बटण मधोमध आणलं, त्याचा हिशेब बघा. आता कोपऱ्यात झटका देऊन भागत नाही. शिवाय अ‍ॅप उघडत गेलं की मधली आयकॉनांची रांग रुंदावते आणि बटण थोडं थोडं डावीकडे सरकतं. ज्या बटणाकडे हात न बघता जायचा, त्याला आता नजरेने शोधावं लागतं. सुदैवाने रांग डावीकडे लावायची सोय ठेवली आहे.

आणि लाँचपॅड. २०११ मध्ये त्याला अनेकांनी नावं ठेवली: मॅकवर फोनचा पडदा कशाला, आयकॉन शोधण्यापेक्षा नावाची दोन अक्षरं टाइप केलेली बरी. मीही त्यातलाच. सप्टेंबर २०२५ च्या 'टाहो' या मॅकच्या नव्या आवृत्तीत अ‍ॅपलने ते काढून टाकलं आणि आपोआप वर्गवारी करणारी अ‍ॅपची यादी दिली. लगेच तक्रारी सुरू झाल्या. चौदा वर्षांत लोकांनी तिथे आपापले कप्पे केले होते, रोजची अ‍ॅप पहिल्या पानावर आणि क्वचित लागणारी मागे सारली होती. नव्या यादीत स्वतःचे कप्पे करता येत नाहीत. बोटांचा चिमटा मात्र तोच राहिला. अंगठा आणि तीन बोटं जवळ आणली की पट उघडतो, आणि हात सवयीने दुसऱ्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत जाऊन थांबतो.